कृष्णेचा गळ काय सांगतो?

कुंडल (जि. सांगली) : कुंडल हे नदीकाठचे गाव नव्हे. प्रतिसरकारच्या लढ्यामुळे इतिहासात नोंदले गेलेले आणि झरी पार्श्वनाथ, गिरी पार्श्वनाथ या डोंगरांमुळे यात्रेकरूंना ठाऊक असलेले पलूस तालुक्यातील हे गाव कृष्णेपासून काही किलोमीटर आत वसले आहे. तरीही येथल्या मासे पकडण्याच्या हौसेची वाट नदीकडेच जाते. दुधोंडी, घोगाव, बुर्ली, आमणापूर, भिलवडी ही कृष्णाकाठची गावे दुचाकीच्या टप्प्यात आहेत. सुटीच्या दिवशी घाटाच्या पायरीवर, बंधाऱ्याच्या कडेला किंवा पुलाखालच्या सावलीत बसून गळ टाकणारे कुठे ना कुठे दिसतातच. हा धंदा नव्हे. धंद्यासाठी जाळे लागते, होडी लागते आणि ते काम भोई समाज पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. गळ टाकणाऱ्याला हवा असतो निवांतपणा, आणि जमल्यास रात्रीच्या कालवणापुरते चार मासे.

या चार माशांकडे नीट पाहिले तर नदीची बरीच हकीकत कळते. कारण गळाला हल्ली हमखास लागतो तो मासा कृष्णेचा नाहीच. राखाडी अंगाचा, चपटा, पाठीवर काटेरी पर असलेला हा मासा पश्चिम महाराष्ट्रात ‘चिलापी’ या नावाने ओळखला जातो. त्याचे मूळ घर आहे आफ्रिकेत, झांबेझी नदीच्या मुलखात.

साधे साहित्य, अवघड काम

गळाचे साहित्य फारसे खर्चिक नसते. बांबूची लवचीक काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, त्याच्या टोकाला उलट्या दाताचा लोखंडी गळ, गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा छोटा तुकडा आणि पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी. गळ किती खोल सोडायचा हे ही काडी ठरवते आणि मासा लागल्याची वर्दीही तीच देते. काडी दोराच्या टोकाकडे सरकवली की आमिष उथळ राहते, वर सरकवली की तळाशी जाते. आता शहरात रीळ लावलेल्या फायबरच्या काठ्या मिळतात. मुंबईच्या पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या सभासदांनी हा छंद कित्येक वर्षे नियमांत बसवून जोपासला आहे. कृष्णाकाठी मात्र अजूनही बांबूच अधिक दिसतो.

खरे कौशल्य आमिषात आहे. मासा काय खातो हे त्याच्या तोंडाच्या ठेवणीवरून समजते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, तो पृष्ठभागाजवळचे खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली झुकलेले असते, तो तळ धुंडाळतो. या तिन्ही माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे ते आमिष चावत नाहीत, ओठांनी चाचपून ओढून घेतात आणि संशय आला तर लगेच थुंकतात. त्यांच्यासाठी कणकेचा घट्ट गोळा, उकडलेला बटाटा किंवा शेंगदाण्याची पेंड मळून लावतात. आधी अर्धा तास त्याच जागी पेंडीचे खडे टाकून माशांना गोळा करण्याची पद्धतही जुनी आहे. मिशा असलेले मासे, म्हणजे शिंगाळा किंवा शिवडा, नजरेपेक्षा वासावर आणि स्पर्शावर विसंबतात. त्यांना गांडूळ, कोंबडीची आतडी किंवा जिवंत लहान मासा लागतो आणि ते संध्याकाळनंतर हालचाल करू लागतात. मरळ काठालगतच्या गवतात दबा धरून असते, तिला बेडकाची हालचाल भुलवते.

चिलापीला यांपैकी काहीही चालते. शेवाळ आणि तळाचा गाळ हे तिचे मुख्य अन्न. पण गांडूळ, भाताचे शीत, पावाचा तुकडा, कणीक, किडे, इतर माशांची अंडी यांपैकी तिला काहीच वर्ज्य नाही. ती काठालगतच्या कोमट, संथ पाण्यात राहते. काडी दोन-तीन वेळा थरथरते, मग आडवी सरकू लागते. त्याच क्षणी मनगटाला हलका झटका द्यायचा असतो. घाई केली तर आमिष जाते, उशीर केला तर मासा गळ खोल गिळतो. नवशिक्यालाही ती तासाभरात सापडते, आणि त्यामुळे नदीत मासे ‘भरपूर’ असल्याचा समज पसरतो.

एक नाव, अनेक मासे

युरोपात गळाने पकडल्या जाणाऱ्या माशांत ‘ब्रीम’ हा मोठा लोकप्रिय. उंच, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा, तळाशी चरणारा हा कार्प कुळातला मासा. इंग्लंडमधल्या कालव्यांच्या आणि नद्यांच्या काठी गांडूळ किंवा अळ्या लावून त्याच्यासाठी तासन्‌तास बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे. इंग्रज जगभर गेले आणि हे नावही सोबत घेऊन गेले. जिथे असा उंच, चपटा मासा दिसला तिथे त्यांनी त्याला ‘ब्रीम’ म्हटले. ऑस्ट्रेलियातल्या खाड्यांमध्ये धक्क्यावरून गळ टाकून पकडतात तो ब्रीम निराळ्याच कुळातला. आणि दक्षिण आफ्रिका, झांबिया, झिम्बाब्वे या देशांत ज्याला ब्रीम म्हणतात तो चिलापीच्याच गणगोतातला. झांबेझीकाठचा गळवाला ज्या माशासाठी नदीवर जातो, त्याचाच भाऊबंद आज भिलवडीच्या घाटावर गळाला लागतो.

गंमत अशी, की कृष्णेच्या खोऱ्याला स्वतःचा ‘ब्रीम’ होता आणि आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे १८२४ पासून मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनमध्ये फिरले. महसूल, पिके, हवामान यांच्या नोंदी करता करता त्यांनी पक्षी आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरचे त्यांचे लेखन १८३९ पासून लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक चांगली गोष्ट केली : कित्येक माशांना शास्त्रीय नावे देताना स्थानिक मराठी नावेच लॅटिनमध्ये बसवली. दख्खनच्या महसीर माशाच्या नावातले ‘खुद्री’, तसेच ‘कोळस’, ‘मळ्या’ ही नावे अशी जगाच्या शास्त्रात गेली. आणि त्याच यादीत आहे ‘रोहटी’. उंच पाठीचा, चपटा, चंदेरी, लहानखुरा मासा. गोदावरी आणि कृष्णा या दोन नद्यांच्या खोऱ्यांत त्याचे वास्तव्य. रोहटीच्या जवळच्या एका भावंडाला पुढे शास्त्रज्ञांनी ज्या गटात घातले, त्या ‘ऑस्टिओब्रामा’ या नावातच ब्रीम दडला आहे.

आज गळ टाकणाऱ्या तरुणाला चिलापी, रोहू, कटला ही नावे पाठ असतात. रोहटी म्हटले तर तो बहुधा रोहूचीच आठवण काढेल. पण रोहू, कटला आणि मृगळ हे तरी मूळचे कुठले? ते गंगेच्या आणि उत्तरेकडील नद्यांचे मासे. मत्स्यबीज सोडण्याच्या सरकारी योजनांतून ते दख्खनच्या तलावांत आणि नद्यांत आले. काठावरच्या दुकानात ‘सायप्रिनस’ म्हणून विकला जाणारा कार्पही परकाच. त्याचे दोन प्रकार १९३९ आणि १९५७ मध्ये भारतात आणले गेले. म्हणजे गळ टाकणाऱ्याच्या पिशवीत पाच मासे असतील तर पाचही बाहेरचे असणे सहज शक्य आहे.

झांबेझी ते कृष्णा

चिलापीचा प्रवास एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. मोझांबिकमधला हा मासा १९३० च्या दशकाच्या अखेरीस अचानक जावा बेटावर सापडला. आफ्रिकेतून तो तिथे कसा पोचला, हे कोडे आजही सुटलेले नाही. ज्या मुजाईर नावाच्या माणसाला तो सापडला त्याचेच नाव इंडोनेशियात या माशाला मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नटंचाईवर उपाय म्हणून त्याची पैदास आशियाभर पसरली. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला. स्वातंत्र्यानंतरचा तो अन्नधान्याच्या तुटवड्याचा काळ होता. डबक्यातही वाढणारा, काहीही खाणारा, झपाट्याने वीण करणारा मासा म्हणजे गरिबाच्या ताटातली प्रथिनेच, असा विचार त्यामागे होता आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. मात्र काही वर्षांतच त्याचे दुसरे रूप दिसू लागले आणि १९५९ मध्ये देशातल्या मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसाराला मनाई केली. तोवर मासा तलावांच्या सांडव्यांवरून ओढ्यांत आणि ओढ्यांतून नद्यांत उतरला होता. त्याच्यामागून नाईल नदीची चिलापीही आली. उजनीसारख्या मोठ्या जलाशयात चिलापीने कसे बस्तान बसवले हे तेथल्या मासळी बाजारात गेल्यावर कळते.

पुरांनीही हात दिला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. २००५ आणि २०२१ चे पूरही मोठे होते. अशा वेळी काठावरची शेततळी, मत्स्यतळी आणि नदी यांत फरक उरत नाही. तळ्यात जे पाळले असेल ते नदीत जाते.

या माशाच्या यशाचे खरे रहस्य त्याच्या विणीत आहे. नर उथळ पाण्याच्या तळाशी ताटलीसारखा खोलगट खड्डा करतो आणि त्याची राखण करतो. उन्हाळ्यात पाणी नितळ असेल तेव्हा काठावरून हे खड्डे ओळीने दिसतात. मादी त्यात अंडी घालते आणि ती फलित होताच तोंडात घेते. अंडी फुटून पिले पोहू लागेपर्यंत ती त्यांना तोंडातच सांभाळते; धोका दिसला की बाहेर पडलेली पिले पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. रोहूची मादी लाखो अंडी घालते आणि त्यांना प्रवाहाच्या हवाली करते. चिलापीची अंडी शेकड्यांत असतात, पण त्यांतली बरीचशी वाचतात. शिवाय ती वर्षातून अनेकदा विते आणि काही महिन्यांची असतानाच माता होऊ शकते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाशी संलग्न तज्ज्ञांनी केलेल्या जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत मोझांबिकच्या चिलापीचे नाव आहे. आणि नियतीचा खेळ पाहा, मूळ घरी हाच मासा संकटात आहे. तिथे सोडलेल्या नाईल चिलापीशी संकर होऊन त्याचा शुद्ध वंश विरत चालला आहे.

चढणीचे मासे आणि बंधारे

कृष्णेच्या मूळ माशांचे वेळापत्रक याच्या अगदी उलट. त्यांच्यापैकी बहुतेकांची वीण वर्षातून एकदाच, पावसाच्या सुरुवातीला होते. नदीला पहिले गढूळ पाणी आले की ते प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात, ओढ्यानाल्यांत शिरतात, उथळ आणि खळाळत्या पाण्यात अंडी टाकतात. ग्रामीण भागात यांनाच ‘चढणीचे मासे’ म्हणतात. अंड्यांनी भरलेला मासा चवीला उत्तम, म्हणून पहिल्या पावसात त्यांना धरण्याची मोठी हौस असते. एक भरलेली मादी पकडली गेली म्हणजे पुढची एक पिढीच गेली, हा हिशेब त्या उत्साहात कोणी करीत नाही.

पण सारा दोष हौशी लोकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी वाईजवळ धोमच्या धरणात थांबते, कराडला तिला कोयनेचे नियंत्रित पाणी मिळते आणि त्यापुढे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची मालिका आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना तिचे पाणी दुष्काळी माळावर चढवतात. हे पाणी नसते तर कडेगाव, खानापूर, तासगावच्या शेतीचे चित्र निराळे असते. आणि कुंडलच्या शेजारचीच किर्लोस्करवाडी तर पंपांसाठी देशभर ओळखली जाते. या सुबत्तेची किंमत माशांनी मोजली. बंधाऱ्यांमुळे वाहती नदी संथ डोहांच्या साखळीत बदलली. खळाळ संपला की चढणीच्या माशांची विणीची जागा संपते. संथ, कोमट, शेवाळलेले पाणी ही मात्र चिलापीच्या पसंतीची जागा. तिने रोहटीला हुसकावले असे सरसकट म्हणण्यापेक्षा, माणसाने घर बदलले आणि बदललेल्या घरात तिला करमले, असे म्हणणे अधिक रास्त.

पाण्यातला प्राणवायू

दुसरी कसोटी उन्हाळ्यात लागते. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली पुलाच्या परिसरात कृष्णेत मासे मोठ्या प्रमाणावर मरून काठाला लागले होते. असे प्रसंग या नदीला नवे नाहीत. त्यामागचे शास्त्र सोपे आहे. मळी, सांडपाणी किंवा कोणताही सेंद्रिय कचरा पाण्यात आला की जिवाणू तो कुजवू लागतात आणि त्या कामात पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. पावसाळ्यात प्रवाह मोठा असल्याने हे झाकले जाते. हिवाळा सरता सरता नदी आटते आणि तेवढ्याच घाणीचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो. बहुतेक माशांना निरोगी राहण्यासाठी एका लिटर पाण्यात चार ते पाच मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. चिलापी एक मिलिग्रॅमच्या आसपासही काही काळ तग धरते. पाण्याच्या अगदी वरच्या थराशी तोंड लावून ती वेळ मारून नेते. त्यामुळे अशा प्रत्येक आपत्तीनंतर रिकामी झालेली नदी पुन्हा भरते ती प्रामुख्याने तिच्याच पिलांनी.

काठावर बसणाऱ्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा : पाण्याला आंबूस वास येत असेल, रंग काळपट असेल, मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकत असतील, तर त्या दिवशी काठी गुंडाळावी. असे मासे हाताने धरता येतात आणि लोक धरतातही. ते खाऊ नयेत. माशांना गुंगी आणण्यासाठी मुद्दाम विष टाकणे किंवा सुरुंगाच्या दारूने स्फोट घडवणे हा तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे.

मगरीचा शेजार

या पट्ट्यात गळ टाकायचा म्हणजे आणखी एकीची दखल घ्यावी लागते. कृष्णेच्या या भागात मगरींचा वावर आहे. पलूस आणि वाळवा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत माणसांवर हल्ले झाले आहेत, काहींनी प्राण गमावले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण दिले आहे. तिला नदीतून हटवून प्रश्न मिटेल, अशी मागणी अधूनमधून होते; पण नदी हेच तिचे घर असल्याने ते व्यवहार्य नाही.

गळ टाकणाऱ्याच्या सवयी मात्र मगरीला सोयीच्या असतात. तो रोज त्याच जागी येतो, पाण्याच्या रेषेवर उकिडवा बसतो, तासन्‌तास हलत नाही, आणि जवळच आमिषाचा वास दरवळत असतो. मासे तिथेच साफ करून आतडी पाण्यात टाकली तर ते निमंत्रणच ठरते. मगर शिकार हेरताना पाण्याखाली बराच वेळ निश्चल राहू शकते, डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर असतात. म्हणून पाण्यापासून काही पावले मागे, उंच पायरीवर किंवा बांधावर बसावे. पाण्यात पाय सोडू नयेत. अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नये, दोर तोडावा. उन्हाळ्यात मगरी काठावरच्या वाळूत आणि मातीत अंडी घालतात आणि मादी घरट्याच्या आसपास असते. त्या दिवसांत पोयटा ओलांडून अनोळखी जागी जाणे टाळावे. लहान मुलांना एकटे सोडणे तर कधीच नको. अंधार पडल्यावर शिवड्याच्या आशेने थांबणाऱ्यांनी आपली हौस बंधाऱ्याच्या भिंतीपुरती ठेवलेली बरी; आणि तिथेही दरवाजे उघडून पाणी सोडल्यास पातळी पाहता पाहता वाढते.

पुलावरून गळ टाकण्याचा मोह वेगळ्या कारणाने टाळावा. वाहनांची वर्दळ असते, आणि मागे फेकलेला गळ दुचाकीस्वाराच्या तोंडाला लागू शकतो. गावतलावांचे आणि जलाशयांचे मासेमारीचे ठेके बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. तिथे मत्स्यबीज त्या संस्थेने पैसे मोजून सोडलेले असते. काठी टाकण्यापूर्वी विचारणे हा साधा शिष्टाचार झाला.

राहता राहिला प्रश्न पिशवीतल्या माशाचा. जून ते ऑगस्टमध्ये पोट फुगलेला मूळ मासा लागला तर तो ओल्या हाताने धरून, गळ सोडवून परत पाण्यात सोडावा. कोरड्या हाताने धरल्यास अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही जगत नाही. चिलापीला ही सवलत देण्याचे कारण नाही. ती लहान असो वा मोठी, खुशाल घरी न्यावी. काटे कमी, मांस पांढरे, तिखट-मीठ आणि चिंचेचा कोळ लावून तव्यावर कुरकुरीत होते. तुटलेला तंगूस मात्र काठावर टाकून येऊ नये, कारण तो कुजत नाही. नदीतली मऊ पाठीची कासवे आणि काठावरचे बगळे त्यात अडकतात. खिशात गुंडाळून आणलेला दोर घरी विळीवर बारीक चिरून कचऱ्यात टाकायला दोन मिनिटे लागतात.